सुरीला हात

टेंभूचं पाणी लेंगऱ्यात यायच्या आधीची गोष्ट.
आमच्या गल्लीत तेरा घरं,
त्यांतल्या अकरा घरांतले गडी
परमुलखात गलाईला गेलेले.
सेलम, नेल्लोर, कुठं कुठं,
दुसऱ्यांचं सोनं वितळवत.
मागं बायका, म्हशी,
आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर मालनकाकीचा भोपळा.

वेल गोठ्याच्या पत्र्यावर चढायचा.
पत्रा तापला की काकी शिडी लावून
फळाखाली सरमाडाची चुंबळ सारायची,
तान्ह्याच्या मानेखाली सारावी तशी.
बी तिच्या आईच्या माहेरचं.
साल काळपट हिरवी, अंगावर बेडकासारखे फोड,
देठ म्हणजे कासऱ्याची गाठ.
विट्याच्या बाजारात कुणी विचारायचं नाही:
‘एवढा थोरला कोण नेणार, बाई?
आता दोन किलोचा, गुळगुळीत, हायब्रीड चालतोय.’
काकी तो तसाच डोक्यावर परत आणायची,
खुशीत.

अडचण एकच.
अख्ख्या भोपळ्यावर बाईनं सुरी चालवायची नाही,
थोरल्या लेकासारखा असतो तो, म्हणायचे.
आणि गल्लीत पुरुष म्हणून उरलेलो मी,
वय वर्षं नऊ, शेंबडा.
संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत मला मान असायचा.
‘ये रं बाबा, सुरीला हात लाव.’
माझ्या हातावर हात ठेवून काकी दाब द्यायची,
आधी काही व्हायचं नाही,
मग एकदम चर्र,
आणि आत तो रंग,
हळदीत चुन्याची निवळी पडल्यावर चढतो तो.

घरोघर मी कापत जायचो
आणि घरोघर खायचो:
मेथ्यांच्या फोडणीतली सालीसकट भाजी,
दह्यातलं भरीत,
काकीकडं घारगे, वरून खसखस,
गुळानं कडेला जरासे करपलेले.
बिया ती राखेत घोळायची, शेणाच्या गोळ्यात दाबून
गोठ्याच्या भिंतीवर थापायची.
तिन्हीसांजेला वाटायचं, भिंत बघतेय.

सोळाव्या वर्षी मीही गेलो.
नेल्लोरला, मामाच्या दुकानात.
मुशीत सोनं पहिल्यांदा पातळ झालेलं बघितलं
तेव्हा मामानं विचारलं, काय वाटतंय?
मी म्हणालो, भोपळा.
ते नाव मला सहा वर्षं पुरलं.

यात्रेला आलो तेव्हा काकीकडं गेलो,
बाह्या सारून सुरी मागितली.
ती चुलीपुढनं उठली नाही.
‘बस. कापलाय.’
हात कुणी लावला?
‘तू गेलास त्या साली पोस्टमनला लावाय लावला.
फुडल्या साली त्येची बदली झाली.
मग बोक्याचा पंजा टेकवला.
बोका बी गडीच की.’
आणि यंदा?
तिनं घारगा उलटला. तेल चुरचुरलं.
‘यंदा बोका मेला.’

मी खाल्लं. चवीत काही फरक नव्हता.
उगाच आणखी दोन मागून घेतले, खात्रीसाठी.

निघताना तिनं भिंतीवरचा एक गोळा उचकटून दिला.
सात बिया. तीन उगवल्या,
दुकानाच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत.
वेल माजला, कठड्यावरून उतरून
दुकानाच्या पाटीवरची तेलुगू अक्षरं झाकू लागला.
रोज पहाटे फुलं, बचकभर पिवळी,
सगळी नर.
खाली आम्ही सहा गडी, वर हे तीस.
आमच्या गल्लीच्या बरोबर उलट.

काकीला फोन केला.
ती इतकी हसली की बराच वेळ
नुसता ठसकाच ऐकू आला,
आणि मागं म्हैस ओरडली.
मग म्हणाली,
‘दम धर की जरा. मादी फूल मागनं येतंय.
आलं की उन्हं पडायच्या आत ऊठ,
फुलाला फूल टेकव.
आणि कुणाला बोलवत बसू नगंस.’